प्रार्थनेच्या पुस्तकातली रीड

इस्त्री अर्धीच झाली होती. भावजींच्या बँडच्या पांढऱ्या शर्टाची एक बाही झाली, दुसरी राहिली, तेवढ्यात स्वयंपाकघरातून कुणीतरी कुणाचा गळा दाबतंय असा आवाज आला. मी इस्त्री बंद केली नि आत गेले.

भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, खिडकीशी स्टुलावर बसले होते. गळ्यातल्या पट्ट्याला तो अवाढव्य बॅरिटोन सॅक्सोफोन. दिवसा ते कुलुपं दुरुस्त करतात आणि संध्याकाळी बँडमध्ये सगळ्यांत खालचा सूर धरतात. गल्ली त्यांना भोंगा म्हणते. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, "हे एवढं धूड घरात असताना बायको ठेवू कुठे?" पण धूड त्यांचं नाही, बँडचं आहे. सगळी मेख तिथेच होती.

मध्यंतरी त्यांचे पुढचे दात काढले, कवळी बसली, आणि खालचा सूर लागेनासा झाला. बँडमास्तरांनी तोंडावर सांगितलं, "शनिवारच्या तालमीत सूर लागला तर ठीक. नाहीतर वाद्य टेनर सॅक्सोफोन वाजवणाऱ्या बाईंकडे जाईल." आज शनिवार होता.

टेबलावर आरशाचा तुकडा, पाण्याचा पेला आणि रीडांचा पसारा. रीड म्हणजे बोरूची पातळ पट्टी, वाद्याच्या तोंडाशी बसवतात. ती थरथरली की सूर निघतो. भावजी एकेक रीड पाण्यातून काढून उजेडाकडे धरत, दोन्ही कडा सारख्या आहेत का बघत, चढवत, फुंकत. नुसती हवा जाई. दातांनी जोर लावला की किंचाळी.

"अरे, बदकं पाळलीस की काय?" बाहेरून यांनी विचारलं.

भावजी हसले नाहीत. एरवी यांना सोडत नाहीत ते.

मग त्यांनी खिशातून पत्र्याची डबी काढली. आत एकच रीड. साडेतीन नंबरची, नंबर जितका मोठा तितकी रीड कडक. "लाखात एक आहे, वहिनी. कधी वाजवली नाही. मोठ्या दिवसासाठी जपलीय." त्यांनी ती भिजवली, आरशावर पालथी ठेवली आणि बोटाने दाबली. ती डुगडुगली. पुन्हा दाबली. पुन्हा तेच. डबीत पडून पडून तिला बाक आला होता.

भावजी तिच्याकडे बघतच राहिले. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, आणि देवाचं नाव घेताना मला माझं पुस्तक आठवलं.

फार पूर्वी दुकानदाराने चुकून त्यांना दोन नंबरची रीड दिली होती. भावजी भडकले होते. "ही शिकाऊ पोरांची! वहिनी, घाला तुमच्या प्रार्थनेच्या पुस्तकात खूण म्हणून." तेव्हापासून ती पानापानांतून पुढे सरकत होती. मी पुस्तक आणलं, रीड काढून आरशावर ठेवली.

"ही बघा."

"ती? चेष्टा करू नका."

"दाबून तर बघा."

दाबली. हलली नाही. त्या जाड पुस्तकात दबून ती सरळ राहिली होती.

"सरळ असली म्हणून काय झालं? आयुष्यभर साडेतीनवर वाजवलं मी. आता दोनवर येऊ? बँडमध्ये तोंड कसं दाखवू?"

"तोंडच बदललंय भावजी, दाखवायचं काय त्यात?"

बोलून गेले आणि जीभ चावली. यांनी दारातून मान आत घातली. भावजींची मान खाली. मला वाटलं, आता उठून जातात. पण त्यांनी रीड उचलली, भिजवली आणि चढवली.

पहिल्यांदा फुसका आवाज. दुसऱ्यांदा त्यांनी दातांचा जोर सोडला, ओठांनीच धरलं. आणि सूर आला. पूर्वीसारखा भिंत हलवणारा नव्हता, पण टेबलावरचा चमचा पेल्याला लागून किणकिणू लागला. भावजींनी तो दमभर धरून ठेवला. मग डोळे उघडून म्हणाले, "इथे लागला. तिथे लागेल तेव्हा खरं."

मी दुसरी बाही घाईघाईत केली. ते गेले. नंतर माझं एकाही कामात चित्त नव्हतं. प्रार्थनेला बसले तर पान सापडेना. कान जिन्याकडे. परत येताना हातात वाद्याची पेटी असेल की नसेल, एवढंच मनात.

जिन्यात आधी पेटी आपटल्याचा आवाज आला. माझा जीव भांड्यात पडला. वळणावर ती नेहमीच कठड्याला आपटते.

"काय म्हणाले मास्तर?" यांनी विचारलं.

"म्हणाले, आवाज उतरलाय, पण सूर ढळत नाही. वाद्य राहू दे." भावजींनी बूट काढले. "मग विचारलं, कितीची रीड?"

"तू काय सांगितलंस?"

"दोन. सगळ्यांसमोर." ते माझ्याकडे वळले. "टेनरवाल्या बाई हसल्या. म्हणाल्या, त्यासुद्धा दोनचीच वापरतात, फक्त सांगत नाहीत. वहिनी, तुमची खूण काही आता परत मिळत नाही."

मी टेबलावरच राहिलेल्या त्या बाक आलेल्या साडेतीन नंबरच्या रीडकडे बोट दाखवलं. त्यांनी ती पुसली आणि स्वतःच माझ्या पुस्तकात ठेवली.

उद्या सकाळी भावजींना वाद्यांच्या दुकानात जायचंय, दोन नंबरच्या रीडांचं खोकं आणायला.