दोरीवर वाळणारे फिल्टर

शाल, श्रीफळ, फेटा यांची मी आयुष्यभर टिंगल केली आणि चाळिशी उलटल्यावर कॉफीच्या नादी लागलो. सांगलीतल्या माझ्या स्वयंपाकघरात वजनकाटा आला, बारीक लांब चोचीची किटली आली, कोनासारखे कागदी फिल्टर आले. पाणी ओतताना मी पाहुण्यांना बोलू देत नसे. सत्कारसमारंभात निदान मधेच उठून जाता येते.

वडील साताऱ्यात एकटे राहतात. सुभेदार म्हणून निवृत्त झाले. कॉफीची सवय त्यांना पलटणीत लागली. आमच्यात बोलण्यासारखे फारसे कधीच नव्हते, म्हणून एका दिवाळीला मी त्यांना कपावर ठेवून त्यात फिल्टर बसवायचा चिनी मातीचा कोन आणि शंभर फिल्टरांचा गठ्ठा नेऊन दिला. दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला फोन आला. "आज जरा कडू झाली रं." मग रोज सातला फोन. पाणी किती, दळण किती. इतके आम्ही पूर्वी वर्षभरातही बोललो नव्हतो.

चार महिन्यांनी गेलो, तर अंगणातल्या दोरीवर बनियनांशेजारी सहा तपकिरी फिल्टर चिमट्यांनी टांगलेले. गठ्ठा निम्म्याहून अधिक शिल्लक.

शेजारचे निवृत्त हवालदार ओट्यावर बसले होते. "सुभेदारसाब, ह्या टोप्या कुणाच्या वाळत घातल्याती?"

"तुज्या नातवाच्या. बारशाला लागतील," वडील म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "कागुद लय चिवट हाय. नीट धुतला तर चार येळा चालतो."

एवढ्यावर हसून कप पुढे करायचा होता. मी व्याख्यान दिले, तेही पुस्तकी मराठीत. "आण्णा, हे एकदाच वापरून टाकायचे असतात. जुन्या कागदात तेल राहते, चव बिघडते. एवढ्या दिवसांत तुम्ही खरी कॉफी प्यायलाच नाहीत." हवालदार कपात बघत राहिले. त्यांच्या हातात तीच कॉफी होती.

"बरं," वडील म्हणाले. उठून त्यांनी सहाही फिल्टर काढले, एकात एक नीट बसवले आणि केराच्या टोपलीत ठेवले. टाकले नाहीत, ठेवले.

दुसऱ्या दिवशी सातला फोन आला नाही. पुढच्या खेपेला चहा मिळाला. कोन धुऊन पुसून खोक्यात घातलेला होता, वर उरलेला गठ्ठा. "घिऊन जा. तुज्याकडं पाव्हणं येत्यात. मला त्यातलं कळत न्हाई." राग नव्हता. राग असता तर काढता आला असता.

गेल्या रविवारी मी इथे सांगलीत एक वापरलेला फिल्टर नळाखाली धरला. शिवणीजवळ फाटला. दुसराही फाटला. मग मीच सातला फोन लावला.

"आण्णा, फिल्टर धुताना फाटत कसा नव्हता तुमचा?"

पलीकडे रेडिओ लागला होता, तो त्यांनी बारीक केला.

"आता ध्यानात न्हाई," ते म्हणाले. "आन तू कशाला धुतोस? नवा घ्यायचा." मग तब्येतीची चौकशी करून त्यांनी फोन ठेवला.

तिसरा फिल्टर मी धुतलाच नाही. ओला, गाळासकट, तो अजून कोनातच आहे.