शेंडा कुणीकडं होता

तात्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. बारामतीहून आलेला माणूस दारातच उभा राहून म्हणाला, "बाई, तात्या गेलं. पहाटं. काय तरास न्हाय झाला." मी त्याला पाणी दिलं, सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि उरलेले तांदूळ निवडून मगच उठले. त्याला आता पाच आठवडे झाले. मध्यंतरी या पुरवणीच्या संपादकांचं पत्र आलं, की तात्यांनी तुमचं आयुष्य घडवलं, तेव्हा चार कृतज्ञ शब्द लिहून पाठवा. शब्द चारांपेक्षा जास्त होतील. त्यातले कृतज्ञ किती, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण तात्यांबद्दल ते असतानाही कुणी वाईट बोललं नाही, मग बोलायचं तरी कधी... म्हणून आज लिहायला बसले आहे.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. आम्ही जळोचीचे, शेतकरी. तात्या शिकले, कालव्यावर ओव्हरसियर झाले आणि बारामतीत घर करून राहिले. घरामागं मोठं परस होतं, त्यात विहीर, शेवग्याचं झाड आणि दुर्बीण. दुर्बीण खात्यानं मोडीत काढलेली, मोजणीची. तात्यांनी तिची पितळी नळी सोडवून सुताराकडून लाकडी घोडी करून घेतली होती, म्हणजे ती आभाळात हवी तिकडं वळवता यायची. तिच्यातून सगळं उलटं दिसायचं. वरचं खाली, डावीकडचं उजवीकडं. लहानपणी मी तिच्यातून देवळाचा कळस पाहिला होता. तो टोक खाली करून उभा होता आणि मी हसून हसून बेजार झाले होते. तात्यांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. कालव्याच्या कामावर वर्षानुवर्षं त्यांनी दुर्बिणीतून मोजपट्टीवरचे उलटे आकडे वाचले होते. समोरचा माणूस वर्तमानपत्र पुढ्यात पसरून बसला असला, की हे पलीकडून उलट्या बाजूनं वाचून त्याच्याआधी बातमी सांगून मोकळे व्हायचे. तो गडी चिडायचा आणि तात्या खूश व्हायचे. आपल्याला दुसऱ्यापेक्षा आधी आणि जास्त कळतं, याच्याइतकं सुख त्यांना कशातच नव्हतं.

महायुद्ध सुरू झालं त्या वर्षीचा वैशाख. मी सतरा वर्षांची होते, सातवी पास होते आणि माझी सुपारी फुटली होती. मुलगा निरवांगीचा, महादू. घरची बागायत, माणसं चांगली. त्याला मी आदल्या वर्षी सणसरला एका लग्नात पाहिलं होतं. बिथरलेल्या बैलाला तो न मारता, नुसतं बोलून शांत करत होता. मला तो आवडला होता. हे वाक्य मी आजवर कुठं लिहिलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. ज्यांना माझं आयुष्य कसं घडलं याची इतकी काळजी आहे, त्यांना एवढं तरी ठाऊक असावं.

आखितीच्या सुमारास वायव्येला, आमच्या जळोचीच्या अंगाला, शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू, दिसायला लागलं. दिवेलागणीनंतर दिसायचं आणि लवकरच मावळायचं. नुसत्या डोळ्यांना तो कापसाच्या पुंजक्याएवढा धुरकट ठिपका. त्याचा शेंडा दिसायचा तो दुर्बिणीतूनच. बायका लेकरांना आत बोलवायच्या, देवापुढं तेल वाढवायच्या, आणि ज्या दिशेला शेंडा त्या दिशेचं वाटोळं, हे तर शेंबड्या पोरालाही पाठ होतं. तात्यांना जोर चढला. भिऊ नका, बघायला या, असं त्यांनी गावभर सांगितलं आणि संध्याकाळी परसात जत्रा भरायला लागली. नेमक्या त्याच आठवड्यात महादूचे वडील रखमाजीआबा चार माणसं घेऊन, बैलगाडी जुंपून, लग्नाची याद, म्हणजे देण्याघेण्याची यादी, करायला आमच्याकडं आले. याद झाली, जेवणं झाली. पाहुणे दुसऱ्या दिवशी परत जायचे होते. तात्या जेवायला होतेच. हात धुताधुता म्हणाले, "आबा, आज सांजच्याला माज्याकडं चला. तुमाला शेंडेनक्षत्र दावतो." दादा, म्हणजे माझे वडील, हळूच म्हणाले, "तात्या, मंगलकार्य हाय. कशाला त्येचं त्वांड बघायचं?" तात्या सगळ्यांदेखत हसले. दादा वरमले.

मी आणि आई चहा करायला म्हणून काकूंकडं, तात्यांच्या घरी, गेलो होतो. मी मागच्या दाराआड उभी होते, त्यामुळे जे झालं ते माझ्या कानांनी ऐकलं. तात्यांनी आधी व्याख्यान दिलं. हा तारा सूर्याला फेरी मारून जातो, त्याला आपलं गाव ठाऊक नाही, राजा ठाऊक नाही. माणसं माना डोलवत होती. मग रखमाजीआबांनी दुर्बिणीला डोळा लावला. दुसरा डोळा हातानं झाकून पुन्हा पाहिलं. मग विचारलं, "शेंडा खाली हाय का ह्येचा?" तात्यांनी त्यांना बाजूला सारून स्वतः डोळा लावला आणि लावल्या लावल्या म्हणाले, "व्हय, खाली. जरा डावीकडं."

"म्हंजी जळोचीवर," आबा म्हणाले.

"दिशा म्हणाल तर जळोचीच. पर त्येला काय अर्थ न्हाय, आबा."

आबांनी त्याला अर्थ आहे की नाही यावर वाद घातला नाही. चहा घेतला, तात्यांचे आभारसुद्धा मानले. पहाटे गाडी जुंपून गेले आणि तिसऱ्या दिवशी निरोप आला की यंदा कार्य होणार नाही, पोरीला दुसरीकडं बघा. पोरीच्या गावावर शेंडा पडलेला आबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. ऐकीव गोष्ट असती तर दादांनी पाया पडून समजूत काढली असती. डोळ्यांनी पाहिलेल्याला काय सांगणार?

मला तो उलटा कळस निरोप आल्यानंतर आठवला. आईला न सांगता मी जळोचीहून चालत बारामतीला गेले. तात्या परसात दुर्बिणीची काच धोतराच्या सोग्यानं पुसत होते. मी सरळ विचारलं, "तात्या, दुर्बिणीतनं उलटं दिसतं ना?" ते पुसायचे थांबले. म्हणाले, "व्हय. रातच्याला अंथरुणावर पडल्यावर माज्या ध्यानात आलं. माज्या डोळ्याला उलटंच सरळ वाटतं, सवयीनं बोलून गेलो. शेंडा वर हाय, पूर्वेच्या अंगाला कललेला." म्हणजे त्यांना पाहुणे गाडी जुंपायच्या आधीच कळलं होतं. मी म्हटलं, मग निरवांगीला जाऊन एवढंच सांगा. चार माणसांत सांगा, की ते उलटं दिसत होतं. एवढं एक वाक्य.

तात्या विहिरीच्या कठड्यावर बसले आणि त्यांनी मला समजावलं. ते शब्द माझ्या कानात इतके बसले आहेत की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. "पोरी, पूर्वेला काय हाय? इंदापूर. निरवांगी. मी म्हनलो शेंडा तिकडं हाय, तर जळोचीवरचं भूत त्येंच्यावर जाऊन बसंल. मंग ते मला इचारतील, आता आमी काय करावं? शेंडा हिकडं का तिकडं, ह्यो वादच खोटा. खोट्याला मी खोट्यानं उत्तर देनार न्हाय."

"खोटं कुठं? खरंच उलटं दिसतं."

"तुला न्हाय कळायचं," तात्या म्हणाले.

मला सगळं कळलं होतं. अडाणी लोकांशी अडाणी भाषेत बोलून आपलं सोवळं बाटवायचं नाही, हे त्यांचं व्रत होतं, आणि त्या व्रताचा उपास मी करायचा होता. शिवाय दुर्बीणवाल्या माणसानं, अख्ख्या परसापुढं, मी चुकलो म्हणायचं होतं... ते कारण त्यांनी सांगितलं नाही. मीही काढलं नाही. सतराव्या वर्षी चुलत्यापुढं किती बोलणार? मी पाणीसुद्धा न पिता परत चालत घरी आले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सांगायला मला अजूनही आवडत नाही. महादूचं लग्न ज्येष्ठात सणसरच्या मुलीशी झालं. माझं नाव गावात 'शेंडेनक्षत्र' पडलं. आणखी दोन स्थळं आली आणि वेशीवरून मागं फिरली. लग्नाघरी हळद लावायला मला कुणी बोलवेना. दादा बोलायचे कमी झाले. दोन वर्षांनी तात्याच एक दिवस आले आणि म्हणाले, पोरीला पुण्याला ट्रेनिंगला धाडू, मी सोय करतो. अर्ज त्यांनी लिहिला, वसतिगृहात जागा त्यांनी मिळवली, पुण्यापर्यंत पोचवायलाही तेच आले. मी मास्तरीण झाले, इंदापूरला नोकरी लागली, तीस वर्षं शिकवलं. याचं श्रेय तात्यांना देतात. घर जाळून कोळशाचा व्यापार केला की लोक कोळशाचीच वाखाणणी करतात. नोकरी मला आवडली, हे खरं आहे. पण ती मी मागितली नव्हती, आणि जे मागितलं होतं ते फक्त एक वाक्य होतं.

चार वर्षांपूर्वी बारामतीत तात्यांचा सत्कार झाला. व्यासपीठावर मलाही बसवलं होतं, त्यांच्या हातून घडलेलं माणूस म्हणून. तात्या बोलायला उभे राहिले आणि त्यांनी शेंडेनक्षत्राचीच गोष्ट सांगितली. तालुका कसा भेदरला होता, रोज संध्याकाळी परसात कशी रांग लागायची, आपण कशी लोकांची भीती मोडली. टाळ्या पडल्या. बोलताबोलता एकदा त्यांची नजर माझ्याकडं वळली, ते थांबले, पेला उचलून पाणी प्यायले... मला वाटलं, आता म्हणतील. सगळी माणसं समोर होती, माईक होता, वय झालं होतं, गमवायचं काही उरलं नव्हतं. त्यांनी पेला खाली ठेवला आणि कालव्यातलं पाणी मोजायच्या गेजबद्दल बोलायला लागले. त्या दिवशी घरी येऊन मी त्यांना मोठमोठ्यानं शिव्या दिल्या. रिकाम्या घरात दिल्या, पण पोटभर दिल्या.

तेराव्याला मी गेले. न जाऊन लोकांना काय सांगणार? जेवणं झाल्यावर त्यांच्या मुलानं, शंकरनं, दुर्बीण परसात आणून घोडीवर चढवली होती आणि तिला झेंडूचा हार घातला होता. माणसं भक्तिभावानं डोळा लावून जात होती. मी कठड्याशी उभी होते. एक चष्मेवाले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, ह्यो शेवगा खाली डोकं करून का उभा हाय?" मी त्यांना आवाजावरून नाही, तर कपाळावरून ओळखलं. ते महादेवराव होते, निरवांगीचे, म्हणजे तेव्हाचा महादू. त्यांनी मला आधीच ओळखलं असावं, कारण ते नजरेला नजर देत नव्हते.

मी म्हटलं, "तिच्यातून उलटंच दिसतं. पहिल्यापासून."

"म्हंजी तवा बी?"

"तेव्हाही. शेंडा वर होता. पूर्वेला कललेला."

त्यांनी चष्मा काढला. शेवग्याकडं पाहिलं, मग मान वळवून इंदापूरच्या रस्त्याकडं पाहिलं आणि हळूहळू कठड्यावर बसले. "म्हंजी आमच्यावर व्हता," ते म्हणाले. "तरीच. त्याच साली आबा गेलं, दिवाळीच्या आत. फुडल्या साली धाकटा भाऊ गेला. आमी म्हनायचो, आपुन तर सुटलो व्हतो, मग ह्ये कुठनं आलं..." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आमच्यावर व्हतं ते, बाई. आन् बोल तुमाला लागला."

पस्तीस वर्षं मला हेच ऐकायचं होतं, जवळजवळ याच शब्दांत. आणि तात्या म्हणाले होते, अगदी तसंच झालं होतं, जळोचीवरचं भूत उठून निरवांगीवर जाऊन बसलं होतं. म्हातारा बरोबर होता. त्याबद्दलही मी त्यांना माफ करत नाही. पण आता गोष्ट तात्यांची राहिली नव्हती. मी तीस वर्षं वर्गात सांगितलं आहे की शेंड्यानं कुणाचं बरंवाईट होत नसतं. महादेवराव, आबा त्यांच्या दुखण्यानं गेले, भाऊ त्याच्या. एवढं एक वाक्य. ते माझ्या तोंडाशी आलं होतं. पण तो माणूस माझ्यापुढं मान खाली घालून बसला होता, त्याला भीती वाटत होती आणि मला बरं वाटत होतं. मला ते आणखी थोडा वेळ बघायचं होतं. मग त्यांना कुणीतरी हाक मारली. त्यांनी उठून मला हात जोडले आणि ते गाडीकडं गेले.

दुसऱ्या दिवशी मी एक पोस्टकार्ड आणलं. त्यावर निरवांगीचा पत्ता लिहून ठेवला आहे. मागची बाजू अजून कोरी आहे.