ऑलिम्पसाठी सोललेलं

आमच्याकडे, लुइझियानाच्या या खालच्या पाणथळ मुलखात, माणसाचं मन कुणावर बसलंय हे ओळखायचं तर त्याच्या बोटांकडे बघावं. वसंतात अंगणाअंगणात मोठाली पातेली चढतात आणि क्रॉफिश उकडले जातात. क्रॉफिश म्हणजे चिखलात राहणारा, बोटभर लांबीचा, कडक कवचाचा लाल झिंगा. वर्तमानपत्रं अंथरलेल्या लांब टेबलावर त्यांचा वाफाळता ढीग ओततात आणि जो तो आपला आपण सोलून खातो. सोलून द्यायचं ते फक्त दुधाच्या दातांच्या पोरांना. मोठ्या माणसानं मोठ्या माणसाला सोलून दिलं, की टेबलभर कोपरखळ्या सुरू होतात.

अडुसष्ट साली नोलन ट्रॉसक्लेरनं एल्डाला ताटलीभर सोलून दिले तेव्हा कोपरखळ्याही थांबल्या होत्या. कारण एल्डाचं लग्न साखर कारखान्यातल्या एका मुकादमाशी ठरलेलं, आणि तो मुकादम तिच्या शेजारीच बसलेला. नोलन तेव्हा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा, काळ्या नखांचा, मुका म्हणावा इतका कमी बोलणारा. त्यानं ताटली पुढे सरकवली. एल्डानं ताटलीकडे पाहिलं, मुकादमाकडे पाहिलं, आणि खायला लागली. मी समोर होतो. शेवटचा घास घेऊन तिनं बोटं चाटली तेव्हाच मी समजलो, की मुकादमाचा पत्ता कटला.

त्यांना मूलबाळ झालं नाही. कारण मला ठाऊक आहे, पण ते इथं सांगण्यासारखं नाही, आणि माझं नाव उगीच बदनाम असलं तरी काही गोष्टी मीही पोटात ठेवतो. त्यांच्या घरात तिसरा जीव आला तो एका पुरानंतर. रस्त्यावर एल्डाला रुपयाएवढं कासवाचं पिल्लू सापडलं. साधंसुधं नव्हे, चावऱ्या जातीचं. मोठं झालं की बोट गेलंच समजा. आमच्याकडे या कासवाचा झणझणीत रस्सा करतात. एल्डानं ते पाळलं आणि त्याचं नाव ठेवलं ऑलिम्प.

"माझ्या आईचं नाव? कासवाला?" नोलन म्हणाला.

"एकदा धरलं की सोडत नाही," एल्डा म्हणाली. "दुसरं नाव सुचेचना."

गाव महिनाभर हसलं. नोलनच्या मातोश्रींना ज्यांनी पाहिलं होतं, ते जरा जास्तच हसले.

अंगणात गुरांना पाणी पाजायची पत्र्याची डोण होती, अर्धी उन्हात, अर्धी सावलीत. त्यात ऑलिम्प पंचवीस वर्षं वाढली, परातीएवढी झाली. एल्डा तिच्यापुढे स्वयंपाकघरातला कचरा ओतायची. माशांची डोकी, काटे, क्रॉफिशची कवचं, पालेभाजीचे देठ. कधी तिला चाऱ्याच्या टोपलीत घालून मागच्या ओढ्यात सोडायची. तिथं ती गोगलगायी फोडून खायची, पाण्यावरची बारीक हिरवी पानं चरायची.

मी कुंपणावरून ओरडायचो, "मिस एल्डा, रस्सा कधी? कांदे मी आणतो."

"लिओन्स, तुझं मांस चामट आहे, नाहीतर आधी तुझाच केला असता."

मग एल्डाला झटका आला आणि डावी बाजू गेली. एका हातानं काही सोलता येत नाही. दोन वसंत नोलननं तिला सोलून भरवलं, आणि या वेळी टेबलावर कुणी कोपर हलवलं नाही. जाताना ती जड जिभेनं त्याला म्हणाली, "ऑलिम्पला उपाशी ठेवू नकोस हं. तू विसरशील."

नोलन विसरला नाही. त्यानं जन्मभरात दुसरं काही इतकं नीट केलं नसेल.

एल्डाच्या जिवाला आपण कचरा घालायचा? त्याला ते पटेना. तो बाजारातून पोतंभर क्रॉफिश आणायचा, स्वतःसाठी आणि तिच्यासाठी एकत्र उकडायचा, मग तिच्या वाट्याचे एकेक सोलून तीन पाण्यांत धुवायचा, म्हणजे तिखट मसाला तिच्या डोळ्यांना लागू नये. पांढरे, मऊ, स्वच्छ घास. ते चिनीमातीच्या बशीत ठेवून डोणीपाशी न्यायचा. ती एल्डाचीच बशी होती, निळ्या काठाची.

मी एकदा पाहिलं आणि माझ्या जिभेला खाज सुटली. "काय रे नोलन, दुसरेपणाची तयारी? की रस्सा मऊ व्हावा म्हणून?"

एरवी तो हसला असता. त्या दिवशी त्याचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी डोण अंगणातून गेलेली. त्यानं ती मागच्या कपडे धुवायच्या खोलीत नेली होती आणि दाराला कडी लावली होती. माझ्या भीतीनं. मी, ज्यानं आयुष्यात एक कोंबडी मारलेली नाही, त्याला हे कळलं तेव्हा मी गावभर सांगत सुटलो, आणि हसलो.

अशी तीन वर्षं गेली.

मार्चमधली गोष्ट. नोलननं मला ऑलिम्पला धरायला बोलावलं, डोण धुवायची होती. मी अंगणातल्या जुन्या सवयीनं तिच्यापुढे झाडूचा दांडा धरला. पूर्वी तिनं चावा घेतला की लाकडात खाच पडायची. या वेळी तिनं दांडा धरला आणि त्यावर काही उमटलंच नाही. मी चेकाळून स्वतःचं बोट पुढे केलं. तिनं धरलं. ओल्या रबरानं धरल्यासारखं.

"म्हातारीचा जबडा गेला रे!" मी हसून लोळायचाच बाकी होतो. "नोलन, तुझी आई आता चावत नाही! हे सुख तिच्या सुनेला बघायला मिळालं नाही बघ!"

नोलन माझ्या बोटाकडे बघत होता. तो म्हणाला, "गाडी काढ."

जनावरांची डॉक्टर ट्रान. तिचे वडील कोळंबीच्या बोटीवर होते, त्यांचं इंजिन नोलननं कितीदा दुरुस्त केलेलं. तिनं ऑलिम्पला टेबलावर घेतलं आणि अंगठ्यानं पाठीचं कवच दाबलं. कवच दबलं. भिजल्या पावासारखं.

"मिस्टर नोलन, हिला खायला काय देता?"

"सगळ्यात चांगलं," नोलन म्हणाला. इतकं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "क्रॉफिश. रोज. सोलून, तीन पाण्यांत धुवून. मोसम नसेल तेव्हा बर्फातले, तेही सोललेले. नाहीतर कोंबडीचा तुकडा, हाड काढून. रविवारी खिमा."

"कवचं?"

"टाकतो."

"डोकी?"

"डॉक्टर, घरच्या माणसाला डोकी कोण घालतं?"

ती कवचावरून हात फिरवत म्हणाली, "माझे बाबा मला कॉलेजला जाईपर्यंत सोलून द्यायचे."

"मग?"

"मला दूध मिळत होतं, मिस्टर नोलन. हिची हाडं तुम्ही टाकता त्या कवचांतूनच येतात. माशाच्या काट्यातून, गोगलगायीच्या शिंपल्यातून. नुसत्या मऊ मांसातून येत नाहीत. आणि ऊन लागतं. ऊन नसेल तर खाल्लेलंही अंगी लागत नाही. ही कुठं असते?"

"आत," नोलन म्हणाला.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं चुन्याचं औषध टोचलं आणि कागदावर सगळं लिहून दिलं. छोटे मासे अख्खे, काट्यासकट. क्रॉफिश कच्चे, कवचासकट. गोगलगायी. हिरवा पाला भरपूर, ओढ्यातली ती बारीक पानं. खिमा बंद. डोण उन्हात, पण अर्धी सावली हवीच.

"म्हणजे एल्डा घालायची तेच की," मी म्हणालो. माझ्या तोंडाला दार नाही, हे सगळा गाव सांगतो, पण मला ते त्या दिवशी कळलं. नोलननं कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

ईस्टरआधीचे, लेंटचे उपासाचे दिवस चालू होते. शहात्तर वर्षांचा माणूस रोज सकाळी कमरेएवढ्या ओढ्यात उतरून गोगलगायी वेचायचा. डोण पुन्हा अंगणात आली. ऑलिम्प गोगलगाय तोंडात घ्यायची, चावायला बघायची, जबडा वाकायचा आणि गोगलगाय अख्खीच्या अख्खी पाण्यात पडायची. ती पुन्हा धरायची. नोलन डोणीशी गुडघ्यांवर बसून बघायचा. मग त्यानं इंजिनाच्या हातोडीनं कवचं कुटायला घेतली. पीठ करायचं, माशात कालवायचं, पिचकारीनं तिच्या घशात सोडायचं. अर्धं बाहेर यायचं.

ही बातमी गावात मीच पसरवली, आणि या वेळी हसण्यासाठी नाही. लोक जेवणं झाली की कवचांच्या पिशव्या नोलनच्या पायऱ्यांवर ठेवायला लागले. ढीग साठला, वास सुटला, मांजरं जमली.

"नोलन, तुझ्या दारात साऱ्या परगण्याच्या मांजरांची सभा भरलीय," मी म्हणालो.

"आण त्या पिशव्या इकडं," तो म्हणाला आणि कुटत राहिला.

गुड फ्रायडेच्या आदल्या दुपारी मी गेलो. ऊन लख्ख होतं. ऑलिम्पनं डोणीच्या काठावर मान टेकली होती. नोलन खुर्ची टाकून शेजारी.

"बघ," तो हळूच म्हणाला, "आज कशी ऊन खातेय. सकाळपासून. डॉक्टर म्हणालीच होती."

मी पाहिलं. तिच्या डोळ्यावर माशी बसली होती, चालत होती. मी दुसरी खुर्ची ओढली आणि बसलो. तासभर बसलो. सबंध मुलखात माझ्याइतका बडबड्या माणूस नाही, आणि मला ते एक वाक्य सांगता आलं नाही. ऊन सरकलं, तिच्या मानेवरून सावली गेली, तरी ती हलली नाही. तेव्हा नोलन उठला आणि तिच्या डोळ्यावरची माशी त्यानं हातानं हाकलली.

पेकनच्या झाडाखाली खड्डा मी खणला. माती लोटून झाली तेव्हा तो म्हणाला, "लिओन्स, एल्डालाही मी दोन वर्षं सोलूनच घातलं."

"वेडा झालास काय? तिला मेंदूचा आजार होता."

"सोलूनच घातलं," तो म्हणाला. "कडक काहीसुद्धा पोटात जाऊ दिलं नाही."

मी पुष्कळ समजावलं. डॉक्टर ट्राननंही घरी येऊन समजावलं. तो मान हलवायचा, आणि मान हलवून झाली की पुन्हा तिथंच.

या वर्षीच्या गुड फ्रायडेला आम्ही त्याला जवळजवळ उचलूनच क्रॉफिशच्या टेबलाशी आणलं. त्याच्या पुतणीची पोर, कोरीन, तीन वर्षांची, ताटली घेऊन सरळ त्याच्यापुढे उभी राहिली. नोलनइतकं सफाईनं सोलणारा आमच्यात कुणी नाही, हे पोरांनाही ठाऊक. त्यानं ढिगातला एक उचलला, डोकं पिरगाळलं, अंगठा शेपटीच्या कवचाखाली घातला. आणि थांबला. मग तो तसाच, कवचासकट, तिच्या ताटलीत ठेवला.

"असाच खा."

पोरीनं चावला आणि भोकाड पसरलं.

"नोलनकाका, काय हे!" पुतणी धावली. "हिरड्या फाटतील तिच्या!"

"असाच खायचा," नोलन म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, आणि तो चढलेला आम्ही कधी ऐकला नव्हता. "सोलून देऊ नका तिला. कुणी देऊ नका!"

तो उठला आणि गाडीत जाऊन बसला. काचा वर होत्या, उकाडा मरणाचा. पुतणी बाहेरून त्याला हाका मारत होती. मी कोरीनला मांडीवर घेतलं आणि तिला दोन सोलून दिले. टेबलावर कुणी कोपर हलवलं नाही.