सीमाआंटींच्या आईच्या कबरीवरची ओळ

माझ्या नवऱ्यालाही हे ठाऊक नाही. त्याला माझं बहुतेक सगळं ठाऊक असतं, पण हे नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय, तेही कसं जमतंय बघते.

त्याच्या बँकेच्या बदलीमुळे आम्ही कलकत्त्याला आलो आणि इथलेच झालो. इथल्या मराठी मंडळात गणपतीच्या कार्यक्रमाचं निवेदन मी करते, स्मरणिकाही मीच काढते. लोक म्हणतात, तुमचं मराठी काय सुरेख आहे हो! हे आधी सांगतेय, कारण — कारण मला त्याचा फार अभिमान होता.

सियालदहच्या पलीकडे ज्यू लोकांची एक जुनी दफनभूमी आहे. कधीकाळी या शहरात त्यांचा मोठा व्यापार होता. आता मोजकी म्हातारी माणसं उरलीत. एका हौशी गटाबरोबर मी हिवाळ्यातल्या रविवारी तिथे जाऊ लागले. गवत काढायचं, दगड धुवायचे, त्यांवरचा मजकूर उतरवून घ्यायचा. तिथेच सीमाआंटी भेटल्या. ऐंशीच्या घरातल्या, ताठ पाठीच्या, फुलाफुलांचा फ्रॉक घालणाऱ्या. त्यांचे वडील बगदादहून आलेल्या घराण्यातले. आई मात्र कोकणातली, अलिबागकडची, बेने इस्रायली ज्यू — म्हणजे घरात तुमच्या-माझ्यासारखं मराठी बोलणारी. सीमाआंटी अगदी लहान असताना ती गेली. तिचा चेहराही त्यांना आठवत नव्हता. वडिलांच्या घरात तिची भाषा कुणी बोलत नसे. तिच्या कबरीवरचा दगड तिच्या भावाने बसवला होता, तो हावड्याला रेल्वेत होता, पुढे बदलून गेला आणि त्याचीही गाठ राहिली नाही. त्या सगळ्या हिब्रू अक्षरांमध्ये तो एकच दगड मराठी.

"बेटी, तू तो मराठी है," आंटींनी माझं कोपर धरलं. "पढ़ के बता ना, माँ के लिए क्या लिखा है?"

आयुष्यभर त्यांना हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं, कळतंय ना तुम्हाला?

वरच्या दोन ओळी मी सहज वाचल्या. नाव, गाव. खालच्या ओळीवर शेवाळ होतं, दगडाचे पापुद्रे सुटले होते. गटातले सगळे भोवती जमलेले, कुणी मोबाइल धरलेला. वाचता येत नाही — एवढंच म्हणायचं होतं. का नाही म्हणाले? ऊन डोक्यावर आलं होतं, घरी पाहुणे यायचे होते... नाही, ते कारण नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला ते आवडत होतं.

मी उकिडवी बसले, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि सावकाश म्हणाले, "समुद्राकाठची लेक येथे निजली, तिचे डोळे मात्र जागेच आहेत."

ही ओळ तिथे नव्हती. ती माझी आहे. त्या क्षणी सुचलेली.

हिंदीत अर्थ सांगितला तेव्हा सीमाआंटींनी ती ओळ मला पुन्हा म्हणायला लावली. पुन्हा. पाठ होईपर्यंत. संध्याकाळी त्यांनी लंडनच्या भाचीला फोन करून ती म्हणून दाखवली.

इथवरच असतं तर कदाचित मी विसरूनही गेले असते. पण पुढच्या हिवाळ्यात भाचीने नवा दगड बसवायचं ठरवलं, जुन्यावरचाच मजकूर कोरून. आंटी म्हणाल्या, मिस्त्री येण्याआधी एकदा नीट बघून ये, चूक नको राहायला.

मी गेले. एकटीच, सकाळी. कोवळं ऊन तिरपं पडलं होतं. दगडावर पाणी ओतलं, जुन्या ब्रशने शेवाळ घासलं, आणि पुसट ओळीतून एक शब्द वर आला. सीमा.

मी आणखी घासलं. 'लेक सीमा हिला' — एवढं स्पष्ट दिसत होतं. पुढची अक्षरं अर्धवट होती. लेक सीमा हिला काय? सांभाळा? आशीर्वाद? मला लागेना. पण जाणकार माणूस आणता आला असता, कागद ठेवून ठसा घेता आला असता. मरणाऱ्या आईने, किंवा तिच्या भावाने, त्या लहान मुलीसाठी काहीतरी कोरून ठेवलं होतं, तिचं नाव घेऊन. माझ्या सुरेख ओळीत तिचं नावच नव्हतं.

आंटींचा फोन आला. "सब बराबर है ना?"

मी म्हणाले, "बराबर है."

मिस्त्र्याने जुना दगड फोडला आणि तुकडे नव्या दगडाखालचा पाया भरायला वापरले. मी तिथे उभी होते. तेव्हाही थांबवता आलं असतं.

आता माझी ओळ काळ्या ग्रॅनाइटवर आहे. दफनभूमी बघायला येणारे तिचा फोटो काढतात. एका अभ्यासक बाईंनी तर मला सांगितलं, त्या काळच्या बायकांच्या मराठीचा केवढा गोडवा आहे यात! मी मान डोलावली.

तुम्ही म्हणाल, म्हातारीला सुख तर मिळालं. मीही स्वतःला हेच सांगून पाहिलंय. पण ते सुख द्यायला त्यांची आई होती की — तिच्या तोंडावर मीच हात ठेवला.

गेल्या थंडीत सीमाआंटी गेल्या. त्याआधी मी भेटायला गेले होते, बहूबाजारच्या त्यांच्या फ्लॅटवर. अंथरुणातून उठवत नव्हतं. डोळे मिटून त्या ती ओळ म्हणत होत्या. त्यांना येणारं मराठी तेवढंच. 'डोळे' म्हणताना त्या 'डोले' म्हणाल्या.

"ळ, आंटी," मी म्हणाले. "जीभ जरा मागे. डोळे."

त्यांनी जीभ वळवून पाहिली. दोनदा चुकलं, मग जमलं.

"अब ठीक बोला?"

"ठीक," मी म्हणाले.