आकड्यांनी काढलेली भिंत

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुखेडहून लातूरच्या एसटीत बसले होते... त्याच्याशीच भांडायला. पिशवीत त्यानं काढलेला नकाशा होता. दिगू माझा धाकटा भाऊ, लातुरात घरांचे नकाशे काढायचा. वडलांच्या मुखेडच्या जागेचे दोन सारखे हिस्से करायचे, मधे भिंत, एकीकडं त्याचं घर आणि एकीकडं माझं, असं ठरलं होतं. नकाशाही तोच काढणार म्हटल्यावर मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. बहिणीचा हिस्सा कागदावर कसा आटतो, हे मी चार घरांत पाहिलंय.

पूर्वी तो मोठ्या फळीवर कागद ताणून शाईनं काढायचा. चुकलं तर ब्लेडनं खरवडायचा, त्याची खूण राहायची. कॉम्प्युटरवर खूण कसली! त्यातही समोरच्या नकाशाच्या दुकानातली पोरगी माऊस सरकवून रेघ ओढायची, रेघ जाताना तरी दिसायची. हा एका बोटानं आकडे दाबायचा, एंटर मारायचा, की आख्खी भिंत हजर.

"हे आकडे तू आधीच ठरवून ठेवलेस का रे?"

"अक्का, तू पोलिसात भरती व्हायला पाहिजे होतीस."

"माऊसनं काढ. मला रेघ जाताना दिसू दे."

"कशाला? चहा घे."

"काढ म्हणते ना."

त्यानं माऊस धरला. रेघ वाकडीतिकडी निघाली आणि माझ्या हिश्श्यात शिरली. "तुझी भिंत नाचायली बघ," म्हणून तो हसला. एक कळ दाबली, रेघ गायब. माऊस खराब आहे म्हणाला. मी तिथंच ओळखलं, हा काहीतरी लपवतोय.

लपवतच होता. तेराव्याला भावजयीनं सांगितलं, दोन वर्षांपासून त्याचा उजवा हात थरथर कापायचा. कळ दाबता यायची, माऊस स्थिर राहायचा नाही. हात कापतो म्हटल्यावर काम कोण देणार, म्हणून कुणाला बोलला नाही. मलाही नाही. त्याच्या टेबलावर कीबोर्ड तिनं तसाच ठेवलाय. त्यावरचे आकडे झिजून पुसट झालेत, माऊस मात्र नवाकोरा.

तरी मी मुखेडची जागा नकाशाप्रमाणे मोजली. खोटं कशाला सांगू? टेपचं दुसरं टोक भावजयीनंच धरलं. भिंत बरोबर मधोमध आली.

"झालं का समाधान, अक्का?" ती म्हणाली.

मी टेप गुंडाळत राहिले. त्या दिवशी रेघ कुठं जातेय ते मी डोळ्यात तेल घालून बघत होते... शेजारीच त्याचा हात होता, तो पाहिलाच नाही.