चार शेर चरबी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी मोठ्या मायचं नाव घेतो. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमचं गाव दर्यापूरकडे. गावात शाळा चौथीपर्यंत, आणि आईवडील दुसऱ्याच्या वावरात कामाला. मोठे बाबा लवकर वारले. मूलबाळ नव्हतं. मोठी माय अकोल्यात एका जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची टोपली वाहायची. एकदा गावी आली असताना तिनं मला पाटीवर भागाकार करताना पाहिलं आणि वडिलांना म्हणाली, "याले मी घेऊन जाते. इथं राहून हा बैलच हाकीन." विचारलं नाही, सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत अकोल्यात होतो.

तिच्या उजव्या खांद्याच्या मागे, मानेच्या खाली, एक गाठ होती. मी शाळेत असताना ती लिंबाएवढी होती. मी मॅट्रिक झालो, अमरावतीला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली, बी.एस्सी.च्या वर्गात जाऊन बसलो, तोवर ती संत्र्याएवढी झाली. चोळी तिथं तटतटायची, म्हणून मोठी माय चोळीला त्या जागी जास्तीचं कापड लावून एक झोळ ठेवायची. सगळ्या चोळ्या तशाच. पूर्वी तिनं त्या गाठीसाठी नवस बोलले होते. आम्ही बौद्ध झाल्यावर देव्हारा गेला, नवसही गेले, आणि गाठ मात्र राहिली. ती हसून म्हणायची, "हे माहं वशिंड हाय. याच्या जोरावर तर टोपलं उचलते."

हे ती नुसतं गमतीनं म्हणत नव्हती. ज्या बैलाचं वशिंड भरलेलं, तो बैल ओढीला चांगला, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल. तिला खरंच वाटायचं की अंगातली ताकद तिथं येऊन साठली आहे. पण पुढे हात वर करताना कळ येऊ लागली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली आणि म्हणाले, "नुसती चरबी आहे बाई. काढून टाकू. भिऊ नका."

दवाखान्यात भरती होण्याच्या आदल्या दिवशी मी दिवाळीच्या सुट्टीत अकोल्यातच होतो. दुपारी तिला भाकर द्यायला जिनिंगवर गेलो, तर तिथं तिच्या गाठीच्या वजनाचा अंदाज बांधणं चालू होतं. आमच्याकडे कापसाची गाडी नुसती पाहून तिचं वजन सांगायची सवय सगळ्यांनाच. तीच नजर आता मोठ्या मायच्या पाठीवर होती.

"पाच शेर तरी असन," एक बाई म्हणाली.

"पाच? अवो, तिनं काय पाठीवर वासरू बांधलं हाय?" आमची शेजारीण म्हणाली. ती मोठ्या मायच्याच पाळीत कामाला होती. "तीन म्हन, लय त साडेतीन."

तिथले मापारी म्हणजे कापूस तोलणारे एक वयस्क मुसलमान गृहस्थ. त्यांनी हा वाद मिटवला. "बैठो बाई काँटे पर. आज देख लो, निकलने के बाद फिर देखेंगे. जितना कम, उतनी गाठ."

ही रीत सगळ्यांना पटली. मलाही पटली. साखळ्यांनी टांगलेल्या मोठ्या तराजूच्या एका पारड्यात मोठी माय पाय दुमडून बसली, तोंडावर पदर घेऊन हसत. दुसऱ्या पारड्यात वजनं चढली. एक मण सोळा शेर. म्हणजे छप्पन्न शेर. तो आकडा दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या वस्तीला पाठ झाला.

मी अमरावतीला परत आलो. ऑपरेशन चांगलं झालं, टाके निघाले, असं शेजारणीच्या मुलीचं कार्ड आलं. पुढचं कार्ड आलं ते वाचून मी वसतिगृहाच्या पायरीवरच बसलो. तिनं लिहिलं होतं, "मोठ्या मायचं वजन दवाखान्यात बावन्न भरलं. चार शेर चरबी गेली. तवापासून बाजेवरून उठत नाही. ताकद गेली म्हणते. जेवतही नाही बरोबर. तुम्ही या."

खोलीतला मोर्शीचा मित्र नुकताच घरून आला होता. त्यानं त्याच्या बागेतली संत्री एका पिशवीत भरून दिली. बडनेऱ्याहून अकोल्याच्या गाडीत बसलो आणि मांडीवरच्या पिशवीकडे पाहत राहिलो. चार शेर तूप म्हणजे केवढा डबा! तेवढी चरबी संत्र्याएवढ्या गाठीत मावेल कशी? आणि मावत नसेल, तर मग छप्पन्नाचे बावन्न झाले कसे? ताप नव्हता, दुसरा आजार नव्हता. मूर्तिजापूर मागे पडलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. नवी वजनं नुकतीच आली होती. कापसाच्या धंद्यात अजून मण-शेर चालू होते, पण सरकारी दवाखान्यात?

घरी पोचलो तर मोठी माय भिंतीकडे तोंड करून निजलेली. जी बाई पहाटे सगळ्या वस्तीच्या आधी उठायची, ती दुपारी बाजेवर. शेजारीण उशाशी बसली होती.

"आला का बापू," मोठी माय म्हणाली. "वशिंड काढलं ना माहं. आता जू कुठी राहीन?"

"मोठे माय, दवाखान्यातला काटा कसा होता?"

"काटा कुठचा? लोखंडाचा चबुतरा होता. वर उभं राहाचं, मंग सुई फिरते. नर्सबाई म्हणे, बावन्न."

"बावन्न काय?"

"बावन्न म्हणजे बावन्न! शेर नाही त काय आंबे?"

"शेर नाही, किलो. सरकारनं मापं बदलली. किलो शेरापेक्षा जड असतो, म्हणून आकडा कमी येतो. तुझे छप्पन्न शेर म्हणजेच बावन्न किलो आणि वर थोडं."

शेजारीण तोंडाला पदर लावून हसली. "म्हंजे तिले जड वजनानं मोजलं म्हणून ते हलकी झाली? पोरगा शिकला बाप्पा, आता काहीबी सांगते!"

मी कागदावर गुणाकार करून दाखवला. मोठ्या मायनं तो कागद हातात घेतला, प्रेमानं पाहिला आणि उशीखाली ठेवला. माझं अक्षर तिला फार आवडायचं. पण उठली मात्र नाही.

दोरीवर तिची जुनी चोळी वाळत होती. खांद्यामागचा झोळ आता रिकामा लोंबत होता. मी ती काढून बाजेजवळ आणली, पिशवीतलं सगळ्यात मोठं संत्रं घेतलं आणि त्या झोळात घातलं. ते तिथं असं बसलं, जणू त्याच्याच मापानं शिवलेलं.

"हात लावून पाहा. एवढीच होती ना?"

तिनं चोळीवरून हात फिरवला. इतकी वर्षं ती चोळी घालताना जसा फिरवत असेल तसाच. "एवढीच होती," ती हळू आवाजात म्हणाली.

"हे चार शेर आहे का?"

तिनं संत्रं हातावर झेललं. कापसाच्या बाईचा हात तो, चुकणार कसा! तरी म्हणाली, "संत्र्यात पानी असते. चरबीचं वेगळं."

"रश्श्यात चरबीची तर्री कुठे असते? वर की खाली?"

"वर."

"मग पाण्यापेक्षा चरबी हलकी की जड?"

तिनं संत्रं पुन्हा एकदा हातावर तोललं. मग उठून बसली. "चाल जिनिंगवर. पन ते लुगडं नेसते, त्या दिवशी नेसलं होतं तेच. बांगड्याबी त्याच. नाही त तुम्ही मले पुन्हा फसवान."

प्रयोगाची एवढी काळजी आमच्या कॉलेजात मीसुद्धा घेत नव्हतो.

जिनिंगमध्ये आम्ही शिरलो तेव्हा बायांनी टोपली खाली ठेवली. मापाऱ्यांनी तीच जुनी वजनं पारड्यात चढवली. मण, मग सोळा शेर. मोठी माय दुसऱ्या पारड्यात बसली. तिचं पारडं अगदी किंचित वर राहिलं, आंब्याचं पान सरकवता येईल एवढंच. मापाऱ्यांनी एक शेर काढला, तर तिचं पारडं खाली गेलं. तो परत ठेवून अर्धा शेर कमी केला, तरी खाली. शेवटी नुसता पावशेर कमी केला आणि दांडी सरळ झाली.

"पावशेर," मापारी म्हणाले. "इतना तो आदमी सुबह से शाम तक कम-ज्यादा होता है बाई. एक लोटा पानी पी लो, बराबर हो जाएगा."

मग मोठी माय पारड्यातून उतरली आणि शेजारणीवर धावली. "पावशेरासाठी मले बाजेवर निजवलं होय वो? चार शेर गेली, चार शेर गेली! रोज उशाशी बसून गानं गाऊन राहिली होती!"

"मी काहून? मी त साडेतीन म्हटलं होतं!" शेजारीण म्हणाली, आणि साऱ्या जणी हसत सुटल्या.

मोठ्या मायनं कोपऱ्यातली चुंबळ घेतली, डोक्यावर ठेवली, टोपलं उचललं. उजवा हात सरळ वर गेला. तो हात तसा वर गेलेला मी कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. तिनंही पाहिला नसावा, कारण टोपलं डोक्यावर घेऊन ती हाताकडेच बघत उभी राहिली. "कळ नाही आली," ती म्हणाली. कोणाला म्हणाली कोण जाणे.

त्या रात्री ती पोटभर जेवली. वर दोन संत्री खाल्ली. मी सकाळच्या गाडीनं अमरावतीला परत गेलो, परीक्षेला बसलो आणि पास झालो. आमच्या घरातला पहिला. पुढं दर्यापूरच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो, तेव्हा तिला पत्र पाठवलं. शेजारणीच्या मुलीनं ते तिला वाचून दाखवलं.

"ती. मोठ्या मायस, साष्टांग नमस्कार.

मी इथं खुशाल आहे. शाळा चांगली आहे, मुलं गरीब आहेत पण हुशार आहेत. विज्ञान आणि गणित माझ्याकडे आहे. आज वर्गात शेराचे किलो करायला शिकवलं. मुलांच्या काही केल्या डोक्यात शिरेना. मग एका बाईची गोष्ट सांगितली, जिचं वजन न घटताच घटलं. नाव सांगितलं नाही. मुलं फार हसली आणि सगळ्यांची उदाहरणं बरोबर आली. तू मला पाटीवर भागाकार करताना पाहून अकोल्याला नेलंस, त्याची मला आज वर्गात आठवण झाली. फळ्याकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहिलो.

सोबत मोर्शीची संत्री पाठवत आहे. एक त्या चोळीत घालून बघ. बाकीची शेजारणीलाही दे, राग धरू नकोस. जेवण वेळेवर कर. जिनिंगवर गेलीस की एकदा काट्यावर बस आणि तुझं वजन मला कळव.

कोणत्या मापात, तेही कळव.

तुझा बापू"