बोक्याच्या ताटातलं पाणी

आमच्या बोक्याची लघवी पहिल्यांदा तुंबली, त्या दिवशी मी शाळेत आठवीच्या वर्गाला उत्सर्जन संस्था शिकवत होते. फळ्यावर मूत्राशयाचं ऐसपैस चित्र काढलं होतं, निळ्या खडूनं बाण दाखवले होते, आणि "हा मार्गच बंद झाला तर काय होईल?" असा प्रश्नसुद्धा मुलांना टाकला होता. संध्याकाळी घरी आले तर बोका मागच्या दारी वाळूच्या टोपलीत बसून कळवळून ओरडत होता. सतरा वेळा टोपलीत जायचा, बसायचा, कोरडाच बाहेर यायचा. ते बघून वीस वर्षं विज्ञान शिकवलेली ही बाई नवऱ्याला म्हणाली, "पोट साफ होत नसेल त्याचं. एरंडेल देऊन बघू या का?"

एरंडेलाची बाटली सापडली नाही, हे बोक्याचं नशीब. ह्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "आहात तसे निघा." त्यांनी नळी घालून त्याला मोकळं केलं, तेव्हा तो वाचला.

दोन महिन्यांनी परत तेच. या वेळी मात्र आम्ही तासाभरात दवाखान्यात होतो. डॉक्टर तरुण आहेत, बोलतात कमी. नळी घालून झाल्यावर हात पुसत म्हणाल्या, "लघवीत खडे होतायत. तिसऱ्यांदा असं झालं तर मोठं ऑपरेशन करावं लागेल. आणि आणायला उशीर झाला तर तेही करता येणार नाही, एका दिवसात जीव जातो. आता सगळं त्याच्या खाण्यापिण्यावर आहे."

दोन्ही मुलं शिकायला पुण्याला गेल्यापासून मी शाळेतून यायच्या वेळी फाटकावर वाट बघत बसणारा घरात हा एकटाच. त्याचं नाव ठेवायचं ठरवता ठरवता तो मोठा होऊन गेला. दवाखान्याच्या फाइलवर 'बोका' आणि पुढे आमचं आडनाव, एवढंच आहे. ती फाइल हातात धरून मी उभी होते.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात त्याला कोण काय काय देतं?"

"फक्त त्याचं खाणं," मी म्हणाले.

"दुसरं काही नाही," हे म्हणाले.

"लबाड हैत दोगं बी," कोपऱ्यातून आवाज आला.

आवाज आत्यांचा. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्या राहतात मंद्रूपकडे. माहेरी मेंढरं, सासरीही मेंढरं, सगळा जन्म कळपामागे गेलेला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्या होत्या आणि त्या दिवशी डोळा दाखवायला जायचं म्हणून आमच्याच रिक्षात होत्या. काळा चष्मा लावून बाकावर बसलेल्या आत्यांनी आमचा पंचनामा केला.

"ह्यो माजा लेक सांजच्याला मूठभर सुकट घालतो. आन ही साळंतनं आली की पिशवीतनं ती बिस्किटं काढती, तोंड फिरवून देती. ह्यांला वाटतंय मला दिसत न्हाय. एक डोळा तरी शाबूत हाय की माजा."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. सुकटीचं मला माहीत नव्हतं, बिस्किटांचं ह्यांना.

"आजी, आणि तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी बी देती. भाकरीला तूप लावून," आत्या म्हणाल्या. "आजपास्नं बंद."

आम्ही दोघं अजून आपापली बाजू मांडायच्या विचारात होतो, तोवर या बाई गुन्हा कबूल करून मोकळ्या झाल्या होत्या.

डॉक्टरांनी खाण्याचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. साधा माणूस दुकानात जाऊन ती चिठ्ठी पुढे करेल. मी पडले विज्ञानाची शिक्षिका. दुकानातल्या फळीसमोर तासभर उभी राहून एकेका पाकिटाच्या पाठीवरचा बारीक मजकूर मी वहीत उतरवून घेतला. मॅग्नेशियम किती, फॉस्फरस किती, प्रथिनं किती. घरी येऊन आलेख कागदावर तीन रंगांत तक्ता केला. हे डोकावून म्हणाले, "बोक्याची घटक चाचणी आहे का?" माझ्या तक्त्यात जे पाकीट पहिलं आलं ते मी विकत आणलं. त्यावर मूत्रमार्गाच्या आरोग्यासाठी असं मोठ्या अक्षरांत छापलेलंही होतं. डॉक्टरांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि अतिशय नम्रपणे म्हणाल्या, "मॅडम, हे निरोगी मांजरांसाठी आहे. आपला बोका पेशंट आहे. चिठ्ठीवर जे लिहिलंय, तेच द्या."

मग चिठ्ठीवरचं आणलं. डब्यातलं, ओलं, लापशीसारखं. ताटलीत काढून ठेवलं. बोक्यानं वास घेतला, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि पुढच्या पंज्यानं ताटलीभोवतीची फरशी खरवडायला लागला. वाळूच्या टोपलीत जे पुरतो, त्याच्याच लायकीचं हे आहे, असा त्याचा अभिप्राय.

मी म्हटलं, भूक लागली की खाईल. मुलांच्या बाबतीत हे तत्त्व मला कधी जमलं नव्हतं, तेव्हा ते बोक्यावर वापरायचं ठरवलं. एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कोपऱ्यात अंग चोरून बसला होता, आणि आत्या मागच्या दारातल्या त्यांच्या खुर्चीवरून म्हणाल्या, "त्याची काय एकादशी हाय का आज?"

आत्यांना तेव्हा वाकायचं नाही, गॅसपुढे जायचं नाही, ओझं उचलायचं नाही अशी तंबी होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना दिवसभर नुसतं बसायला लागत होतं. मागचं दार, त्यांची खुर्ची आणि समोर बोका. खरं तर मांजर हे जनावर आहे हेच त्यांना मान्य नव्हतं. आल्या आल्या त्यांनी विचारलं होतं, "मेंढरू लोकर देतं, कुत्रं राखण करतं. ह्यो काय देतो?"

मी म्हटलं, "माया देतो, आत्या."

"ती तर मी बी देती की. मला कुटं डब्यातलं आणून घालतीस?"

तर अशा आत्यांनी मला डॉक्टरांना फोन करायला लावला. डॉक्टर पहिल्यांदाच आवाज चढवून बोलल्या. "मांजराला असं उपाशी ठेवायचं नसतं, यकृतावर जातं. जुन्या खाण्यात थोडं थोडं नवं मिसळा. आठ-दहा दिवस लागू देत. सुकट तेवढी नको." मी फोन ठेवून ते आत्यांना सांगितलं, तर त्यांना त्यात नवल काहीच वाटलं नाही.

"मग? रान बदललं की मेंढरू बी तोंड लावत न्हाय. जुन्या रानातला पाला संगं न्यायचा, नव्यात मिसळून टाकायचा. येका दिसात कोण बदलतं का? तू लगीन करून आलीस तवा महिनाभर आमचं कालवण तरी खाल्लंस का नीट?"

नव्हतं खाल्लं. खरं आहे.

त्या दिवसापासून बोक्याचं ताट आत्यांच्या हातात गेलं. पहिल्या दिवशी जुने कोरडे दाणे आणि त्यांना नुसतं बोट पुसल्याइतकं नवं. दुसऱ्या दिवशी एक चिमूट. तिसऱ्या दिवशी दोन. मी ग्रॅमचा काटा पुढे केला, त्यांनी तो बाजूला सारला. मी काही कमी नाही. दोन दिवस त्यांची चिमूट ताटलीत पडायच्या आधी चोरून काट्यावर घेऊन बघितली. दोन्ही दिवशी आकडा एकच. तिसऱ्या दिवशी मी काटा कपाटात ठेवून दिला.

ताट ठेवलं की त्या हाक मारायच्या नाहीत, चुचकारायच्या नाहीत, त्याच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. मी मात्र "खा रे राजा, एक घास" म्हणत गुडघ्यांवर बसायची. "उठ," त्या म्हणायच्या, "खाताना तोंडाकडं बगितलं की जनावर बावरतं." मी उठून आत गेले की मागून ताटली चाटल्याचा आवाज यायचा. दहाव्या-बाराव्या दिवशी ताटात जुना एकही दाणा उरला नव्हता, आणि हे बोक्याला कळलंच नाही.

पण डॉक्टरांनी पाण्याचंही सांगितलं होतं, आणि त्या बाबतीत मी अगदी निर्धास्त होते. बोक्याची वाटी मी कधी रिकामी पडू दिली नव्हती.

"ह्यो पाणी कवा पितो, बगितलंस का?" आत्यांनी एका सकाळी विचारलं.

"पितो की. वाटी कायम भरलेली असते."

"भरलेलीच असती. त्येच म्हणती मी."

वर्गातलं एखादं पोर असं उत्तर देऊन गेलं असतं तर मी त्याला पुढच्या बाकावर बसवलं असतं.

आत्यांनी चार-पाच दिवस नुसतं बघून काढलं होतं. आमच्याकडे नळाला पाणी येतं चार दिवसांनी, कधी पाच. आलं की सगळं घर धावतं. पिंप, बादल्या, कळशा, पातेली, आणि भरून झालं की प्रत्येकावर झाकण. पिंपात तुरटी फिरवायची. इतकी वर्षं हे करून हात असे बसले आहेत की झाकणाशिवाय पाणी दिसलं तर जीव खालीवर होतो. बोक्याची वाटीही त्याच पिंपातून भरायची, प्लास्टिकची, त्याच्या खाण्याला खेटून ठेवलेली. नळ आला की तो मोरीत तोटीखाली जाऊन बसतो, हे आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं. गंमत म्हणून त्याचे फोटोही काढले होते. तो तेवढ्याच दिवशी पोटभर पाणी पितो, हे मात्र मोतीबिंदू काढलेल्या बाईनं ओळखलं.

"चार दिसांतनं येकदा पितो ह्यो," आत्या म्हणाल्या. "तुरटीचा वास, वर वाटीचा वास, शेजारी खाण्याचा वास. मेंढरू तोंड लावायचं न्हाय त्याला."

त्यांनी जुन्या, पसरट पितळी पराती काढायला लावल्या. एक मागच्या दारी सावलीला, एक जिन्याखाली, एक ह्यांच्या खुर्चीमागे. खाण्यापासून सगळ्या लांब. पाणी माठातलं, तुरटी न फिरवलेलं, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा ताजं. उरलेलं कढीपत्त्याला घालायचं.

मी चाचरत म्हणाले, "आत्या, नळ परवा येणारे."

याच आत्या अर्ध्या बादलीत आंघोळ उरकतात. तांदूळ धुतलेल्या पाण्यात हात धुतात, तेच पाणी मग झाडाला जातं. पोरवयात त्यांनी डोक्यावरून किती लांबून पाणी आणलंय, हे मी त्यांच्याकडूनच ऐकलेलं आहे. त्या बाईनं माठात तांब्या बुडवला, परात काठोकाठ भरली आणि मला सांगितलं, "माजी आंगुळ उद्या नको. हे भर."

मग ताटातही पाणी सुरू झालं. ओल्या खाण्यात कोमट पाणी, रोज एकेक चमचा जास्त. होता होता ते आंबिलीइतकं पातळ झालं, तरी बोका लपालपा चाटून ताटली पुसून ठेवायला लागला. रोज सकाळी आत्या वाळूच्या टोपलीशी काडी घेऊन बसायच्या आणि लघवीनं वाळूच्या झालेल्या ओल्या गाठी मोजायच्या. "रातीत तीन. मोठ्या हैत," असा निकाल मला चहाबरोबर मिळायचा. ह्यांनी एकदा तक्रार केली की सुकट घालत होतो तेव्हा सगळं ऐकणारा बोका आता आपल्याकडे बघतही नाही. "तुझ्याकडं बगून त्याचं पोट तुंबलं," आत्या म्हणाल्या.

आत्यांचा डोळा महिन्याभरात बरा झाला होता. डोळ्याच्या डॉक्टरांनी सगळी बंधनं काढली. गावाकडून धाकट्या दिरांचे फोन यायला लागले, की कधी येता. आत्या प्रत्येक वेळी सांगायच्या, "डोळा अजून चुरचुरतोय." एकदा फोन ठेवल्यावर मी घाबरून म्हटलं, "आत्या, दाखवून येऊ या का परत?"

"काय धाड भरलीय डोळ्याला," त्या म्हणाल्या. "ह्याची लघवी तपासायची हाय न्हवं पुढच्या म्हैन्यात?"

तपासणीत खडे दिसले नाहीत. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. "छान सांभाळलंत. कसं जमवलं?" त्या माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं. इतक्यात आत्या म्हणाल्या, "ह्या दोगांच्या हातातनं ताट काढून घेतलं. बास." डॉक्टर मोठ्यानं हसल्या. मग त्यांनी आत्यांना शेजारी बसवून घेतलं आणि मेंढरांना खडे होतात तेव्हा तुम्ही काय करता, ते विचारून घेतलं. बाहेर दोन कुत्री आणि एक शेळी वाट बघत होती, तरी त्यांना घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी आत्या एसटीनं गावी गेल्या. बोक्याचा निरोप वगैरे काही घेतला नाही. तो झोपला होता.

त्याच्या दुसऱ्या सकाळी टोपलीतली वाळू कोरडी होती. रात्रभरात एकही गाठ नाही. मी साडी नेसून तयार, शाळेची वेळ झालेली, हे आंघोळीला, आणि मी काडी हातात घेऊन मागच्या दारात उभी. बोका आला. टोपलीभोवती फिरला. परत गेला. दवाखान्याचा नंबर फोनवर काढून ठेवला, त्याला दवाखान्यात न्यायची टोपली माळ्यावरून खाली काढली. पहिला तास बुडणार हे नक्की होतं. पाचेक मिनिटांनी तो पुन्हा आला, वाळूत चढला, खड्डा केला, सावकाश बसला. मी त्याच्याकडे बघायचं नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. आणि आवाज आला. सलग, लांब, थांबेचना.

मी तिथूनच मंद्रूपला फोन लावला. "आत्या, झाली. भरपूर झाली."

"मग साळंला जा की," पलीकडून मेंढरांच्या गलक्यातून आत्या म्हणाल्या. "आन परातीतलं पाणी बदललंस का?"

"बदललं," मी म्हणाले, आणि फोन कानाशी तसाच खांद्यानं दाबून धरून परात उचलली.